दुसरी किल्ली नसते

फोन वाजत होता आणि घरातला एवढा थोराड गडी तो उचलत नव्हता. थरथरत थरथरत फोन टेबलाच्या पार कडेला आला, तरी हा आपला नुसता बघत बसलेला. शेवटी स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "अहो, घ्या की तो. नाहीतर बंद तरी करा." त्याने फोन उचलला आणि उशीखाली कोंबून ठेवला.

गल्लीत, कामावर, अगदी सासुरवाडीतसुद्धा त्याला सगळे ताडमाड म्हणत. दारातून आत यायचं तर मान वाकवावी लागे, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. काम लिफ्टच्या दुरुस्तीचं. लिफ्ट ज्यातून वरखाली करते तो उभा शाफ्ट तुम्ही-आम्ही वरून नुसता बघितला तरी पोटात गोळा येईल. हा तिथे लोंबकळत शीळ घालायचा. पण सुई म्हटली की गडी गार. शाळेत लस टोचायला लोक आले तेव्हा हा बाकाखाली लपला होता आणि त्याचे लांबच लांब पाय बाहेर राहिले होते, ही गोष्ट त्याची आत्या अजून येईल-जाईल त्याला सांगते.

असा हा माणूस या भानगडीत पडला कसा? तर त्याचं असं झालं. मागे एका इमारतीत लिफ्टचं काम चालू असताना तळमजल्यावर टेबलं मांडून काही मंडळी बसली होती. आपल्या हाडांच्या आत एक मऊ गर असतो, त्याला मज्जा म्हणतात. रक्त तयार होतं ते तिथेच. काही आजारांत ही मज्जाच बिघडते, आणि मग दुसऱ्या कुणाची जुळणारी मज्जा मिळाली तरच माणूस वाचण्याची आशा. त्यासाठी दाते नोंदवणं चाललं होतं. ताडमाडने एकच प्रश्न विचारला, "सुई नाही ना?" सुई नव्हती. त्यांनी गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली, नाव-पत्ता घेतला आणि हातात बिस्किटांचा पुडा दिला. जिना चढता चढता ताडमाडने बिस्किटं संपवली आणि ती गोष्ट विसरूनही गेला.

यंदा नोंदणी केंद्रातल्या बाईंचा फोन आला. चाळिशीतल्या एका रुग्ण बाईशी त्याचं जुळत होतं. तिचं नाव, गाव काही सांगायचं नसतं, ते सांगितलं नाही. तिच्या सख्ख्या भावांचं जुळलं नव्हतं, आणि या परक्याचं जुळलं. ताडमाडची छाती फुगली. कामावर सांगत सुटला. तपासणीसाठी रक्त द्यायची वेळ आली तेव्हा डोळे मिटून, बायकोचा हात चुरगाळून तेही दिलं. डॉक्टरांनी सगळं समजावून सांगितलं, नको वाटत असेल तर आत्ताच सांगा म्हणाले, आणि याने हो म्हणून सही केली. काही दिवस रोज इंजेक्शन घ्यायचं, म्हणजे मज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरतात. मग दंडातून रक्त घेऊन यंत्राने त्या तेवढ्या वेचायच्या, बाकीचं रक्त परत त्याचं त्याला. पहिलं इंजेक्शन आज दुपारी होतं.

आणि काल आत्या आली.

आई लवकर गेली तेव्हा आत्यानेच त्याला वाढवलं, त्यामुळे या घरात तिचा शब्द म्हणजे शेवटचा. तिने पिशवी खाली ठेवायच्या आधीच तोंड उघडलं. "काय ऐकते मी हे? पाठीच्या कण्यात सुई घालून गर ओढून घेतात म्हणे. आमच्या खालच्या मजल्यावरचे मास्तर बघ. सुई घातली, तेव्हापासून माणूस खाटेवर आहे."

"आत्या, त्यांचं पाठीचं दुखणं जुनं होतं," बायको म्हणाली. "आणि यांच्या तर दंडातूनच घेणार आहेत."

"आधी दंडच सांगतात गं. आत नेल्यावर कुणी बघितलंय?" आत्या पुतण्याकडे वळली. "बायकोचे दिवस भरत आलेत. उद्या तुझे पाय गेले तर त्या लेकराला कोण बघणार? ती बाई? ना नात्याची ना गोत्याची."

ताडमाडने तिची पिशवी उचलून आत ठेवली. पण त्या घटकेपासून त्याच्या कण्यात काहीतरी खुपायला लागलं. जेवताना खुपलं, आडवा झाल्यावर खुपलं. त्याला आपले पाय दिसत राहिले, खाटेवर पडलेले, आणि बाळ रडतंय, आणि उठता येत नाहीये. म्हणून आज सकाळी फोन उशीखाली गेला.

"दुपारी कामावरून परस्पर जाईन," तो बायकोला म्हणाला आणि उशीखालचा फोन खिशात टाकत तिच्याकडे न बघता घराबाहेर पडला.

त्या दिवशी काम होतं एका उंच इमारतीत. खालचे बरेच मजले शीतगृहाचे, त्यांना या लिफ्टचं दारच नव्हतं. तळमजला सोडला की थेट वरच्या कार्यालयांपर्यंत शाफ्टला चारी बाजूंनी नुसती जाडजूड भिंत. बरोबर जोडीदार होते गुरुजी. ते काही कुठल्या शाळेचे गुरुजी नव्हेत. साधा पाना हातात द्यायचा तरी त्यासोबत एक धडा दिल्याशिवाय राहत नसत, म्हणून गुरुजी. वय झालेलं, पण शाफ्टमध्ये स्वतःच उतरायचे.

या दोघांच्या कामाची एक रीत होती. एकाने लिफ्टच्या टपावर उभं राहून खाली जायचं, दुसऱ्याने वर यंत्राच्या खोलीत थांबायचं. खालच्याची हाक आली की वरच्याने वीज तोडायची, बटणाच्या पेटीला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि जागचं हलायचं नाही. त्या कुलपाला दुसरी किल्ली करायची नाही, हा गुरुजींचा कायदा. दुसरी किल्ली असली की कुणीतरी शहाणा येतो, ती फिरवतो आणि आत माणूस असताना लिफ्ट चालू होते. गुरुजींनी तरुणपणी आपला एक जोडीदार असाच गमावला होता. या बाबतीत त्यांच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. आणखी एक नियम म्हणजे उतरताना खिसे रिकामे, कारण खिशातली वस्तू पडली तर थेट तळाला. म्हणून गुरुजींचा फोन, पाण्याची बाटली, सगळं वरच्या पिशवीत असायचं.

"घाल रे कुलूप," खालून हाक आली. ताडमाडने वीज तोडली, कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली.

आणि त्याच्या खिशातला फोन वाजला. गुरुजींच्या हाकेला ओ देण्याची सवय लागलेली. त्याच तंद्रीत त्याने तो उचलला.

"सकाळपासून लावतेय तुम्हाला," केंद्रातल्या बाई म्हणाल्या. "दुपारी येताय ना?"

ताडमाडने फोन कानापासून लांब धरला. "बाई, मी नाही येत."

"काय झालं? बरं नाही का?"

"नाही येत म्हणजे नाही येत. माझ्या घरी बाळ येणार आहे. माझे पाय गेले तर?"

"पाय कशाने जातील? तुम्हाला भीती वाटतेय, ते साहजिक आहे. या, आपण बोलू. पण एक गोष्ट मला सांगायलाच हवी, सही करतानाही सांगितली होती. तुम्ही हो म्हणालात म्हणून त्या बाईंना जबर औषधं सुरू झालीत. तुमच्या पेशी रुजाव्यात म्हणून त्यांची स्वतःची मज्जा आम्ही नष्ट करतोय. ते आता मागे फिरवता येत नाही. तुम्ही आला नाहीत तर त्या..."

त्याने फोन तोडला. त्या खोलीत त्याला श्वास पुरेना. फोन परत वाजणार, बाई परत तेच बोलणार, आणि ते वाक्य या वेळी पुरं करणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो दाराबाहेर पडला, जिना उतरायला लागला आणि उतरतच राहिला. खाली लिफ्टच्या दारावर 'दुरुस्ती चालू आहे' ही पाटी त्यानेच सकाळी लावली होती. तिच्यासमोरून तो गेला तरी त्याला काही आठवलं नाही.

रस्त्यावरून किती वेळ चालला ते त्याचं त्यालाच ठाऊक नाही. रुग्णालयाची पांढरी गाडी दिसली की तो दुसऱ्या बाजूला जाई, जणू त्यालाच धरायला आलेत. शेवटी बस पकडून तो घरी आला.

"टोचून आलात?" बायकोने विचारलं.

"हो."

"दुखलं का?"

"नाही फार."

"कुठल्या दंडावर दिलं?"

आता आली का पंचाईत. त्याने घाम पुसायला खिशातून रुमाल काढला. रुमालाबरोबर किल्ली बाहेर आली आणि फरशीवर पडली.

लिफ्टवाल्याची बायको ती, तिला रीत पाठ होती. "ही घरी कशी आली?" तिने विचारलं. "अहो, आत कोण आहे?"

ताडमाडने किल्ली उचलली. तो पळत सुटला.

भीती भीती म्हणतात ती काय असते हे त्याला त्या दुपारी कळलं. काल रात्रभर जी होती ती तर नुसती कल्पना होती. बस पुढे सरकेना म्हणून तो मध्येच उतरला आणि धावला. धावता धावता गुरुजींना फोन लावत होता, आणि लावताना त्याला माहीत होतं की तो वरच्या पिशवीत वाजतोय. कुणी हाक ऐकली असेल का? शीतगृहाच्या भिंतीतून कसली ऐकू येणार? कार्यालयातले लोक पाटी वाचून जिन्याने जात असतील. म्हातारा दोराला धरून चढायला गेला असेल तर? हात सुटला असेल तर? तो जिने चढला, मध्ये दोनदा पडला, गुडघा फुटला. यंत्राच्या खोलीत पोचून त्याने खाली हाक मारली.

"गुरुजी!"

काहीच नाही. परत मारली. मग खूप खालून, खरवडल्यासारखा आवाज आला. "आहे. आहे मी."

त्याने कुलूप उघडलं, वीज जोडली. हळूहळू लिफ्ट वर आली. टपावर गुरुजी गुडघे पोटाशी घेऊन बसले होते, शीतगृहाच्या गारठ्याने ओठ काळेनिळे पडलेले. ताडमाडने त्यांना लेकरासारखं उचलून बाहेर आणलं, आपला सदरा त्यांच्या अंगावर घातला, बाटली तोंडाला लावली. ते घोट घोट पाणी प्याले.

"मला शिव्या द्या, गुरुजी."

"देईन. सवडीने देईन." त्यांचे दात वाजत होते. "आधी सांग, तुला काही झालं नाही ना?"

"मला?"

"मला वाटलं, तुला चक्कर आली, वर पडलास. घसा फाटेपर्यंत तुझ्याच नावाने हाका मारत होतो. अंधाराचं काही नाही, अंधाराची सवय आहे. पण वर माणूस आहे म्हणून मी खाली उतरतो ना रे. वरून ओ येत नाही हे कळलं, तेव्हा खरा घाबरलो. पण तू निघून गेला असशील असं काही मनात आलं नाही. किल्ली घेऊन निघून जाणारा तू नव्हेस."

थोबाडीत बसली असती तर परवडली असती. ताडमाड तिथेच खाली बसला आणि एवढा मोठा माणूस हुंदके देऊन रडायला लागला. मग त्याने सगळं सांगितलं; आत्या, मास्तर, खाटेवरचे पाय, फोन, तोडलेलं वाक्य.

गुरुजींनी सदरा अंगाभोवती ओढून घेतला. मग म्हणाले, "त्या बाईला कुणी सांगितलं असेल का, की तू येत नाहीस?"

"माहीत नाही. इतक्यात नसेल सांगितलं."

"म्हणजे ती आत्ता तिथे पडून आहे, आणि समजून आहे की वर माणूस आहे."

ताडमाडने तोंडावर हात घेतला. आपल्या हातून आज एकदा नव्हे, दोनदा तेच झालं, हे त्याला आत्ता दिसलं. एक किल्ली फरशीवर पडून वाजली म्हणून कळली. दुसरी वाजलीच नव्हती.

"पण मला भीती वाटते, गुरुजी. खरंच वाटते."

"वाटू दे की. मी काय भीती घरी ठेवून येतो? अजून पहिलं पाऊल टपावर टाकताना दोर हाताने चाचपून बघतो. भीती वाटते म्हणून तर कुलूप घालतो. जो घाबरत नाही त्याच्याबरोबर मी कामच करत नाही." आता त्यांचा आवाज नेहमीचा झाला होता, धडा द्यायचा. "नाव देताना नको म्हणाला असतास, कुणी काही बोललं नसतं. सही करताना नाही म्हणाला असतास, तरी त्यांनी दुसरा कुणी शोधला असता, दुसरा उपाय बघितला असता. पण तू हो म्हणालास, आणि त्या भरवशावर तिने आपली शिडी काढून टाकली. आता नाही म्हणणं हे नुसतं नाही म्हणणं राहिलं नाही, बाबा. घाबरत घाबरत जा. पण जा."

ताडमाडने फोन लावला. बाईंनी पहिल्याच घंटेला उचलला, म्हणजे त्या फोन हातात घेऊनच बसल्या असाव्यात.

"बाई, उशीर झाला का?"

"नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी सोडलेला श्वास त्याला ऐकू आला. "संध्याकाळपर्यंत कधीही या. आम्ही आहोत."

गुरुजींना गरम पाण्याची पिशवी आणि डॉक्टर दोन्ही मिळाले, आणि त्यानंतर ताडमाडने इंजेक्शन घेतलं. परिचारिका म्हणाली, "डोळे उघडा, झालं." त्याला ते खोटंच वाटलं. पुढचे दिवस मात्र सोपे नव्हते. उगाच खोटं कशाला सांगू? अंग मोडून आलं, मांड्यांची आणि कमरेची हाडं ठणकली, डोकं दुखलं. दर वेळी ठणका लागला की तो पाय हलवून बघे. पाय हलत होते.

मूळपेशी घ्यायच्या दिवशी आत्या हजर. पुतण्याला अडवता आलं नाही, तेव्हा निदान पहारा तरी द्यावा असं तिने ठरवलं होतं. खाटेशेजारी खुर्ची ओढून ती बसली. एका हातातून रक्त नळीने यंत्रात जात होतं, दुसऱ्या हातात परत येत होतं. बराच वेळ ती डोळ्यांत तेल घालून बघत राहिली. शेवटी न राहवून परिचारिकेला म्हणाली, "पाठीचं कधी करणार?"

"पाठीचं काही नाही, आजी. कधीकधी यंत्राऐवजी कमरेच्या मोठ्या हाडातून घ्यावं लागतं, तेही भूल देऊन. कण्याला कुणी हात लावत नाही."

"मग आमच्या मास्तरांचं?"

"त्यांना काय झालं होतं?"

मास्तरांना काय झालं होतं हे आत्याने कधी विचारलंच नव्हतं. शेजारणीने सांगितलं ते तिने पुढे सांगितलं, शेजारणीला कुणी सांगितलं देव जाणे. "मी पोराचा नुसता जीव घाबरवला गं," ती हळूच सुनेला म्हणाली. मग ताडमाडच्या कपाळावरून हात फिरवत बसली ती शेवटपर्यंत.

बायको पोटावर हात ठेवून सगळं ऐकत होती. परिचारिका तिला म्हणाली की बाळ झाल्यावर कापलेल्या नाळेत आणि तिच्यामागून पडणाऱ्या वारेत जे रक्त उरतं त्यातही अशाच मूळपेशी असतात. ज्या रुग्णालयात सोय आहे तिथे आधी सांगून ठेवलं तर ते दान करता येतं. बाळाला त्याचा त्रास नाही, आईला नाही. नाहीतर ते टाकूनच देतात.

"यांना एवढ्या सुया टोचून घ्याव्या लागतात, आणि ते आपण फेकून देतो?" बायको म्हणाली. आणि आत्या, जिच्या शब्दापुढे या घरात कुणी जात नसे, ती म्हणाली, "फेकायचं नाही. आजच सांगून ठेव."

दुपार कलता कलता यंत्र थांबलं. लहानशी पिशवी, आत फिकट लाल काहीतरी. "एवढंसंच?" ताडमाड म्हणाला. पिशवी एका पेटीत गेली, पेटी एका माणसाच्या हातात, आणि तो माणूस लिफ्टकडे निघाला. सगळ्या लिफ्टा कशा असतात हे त्याच्याइतकं कुणाला माहीत! ताडमाड उठून बसायला लागला.

"पडून राहा," दाराशी उभे असलेले गुरुजी म्हणाले. "सकाळीच बघून आलोय मी ती लिफ्ट. इथल्या माणसाला विनवून टपावर चढलो. चांगली आहे."

ताडमाड कान देऊन ऐकत राहिला. दार लागलं. दोर सरळ, न अडखळता चालला. खाली दार उघडल्याचा आवाज आला तेव्हा कुठे त्याने मान उशीवर टेकली.

पुढे काय झालं ते कळायला महिने लागले, आणि कळलं तेही एका वाक्यात. त्या बाईंचं शरीर आता स्वतःचं रक्त तयार करतंय आणि त्या घरी गेल्यात. निरोप आला तेव्हा ताडमाड आपल्या लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. गळ्यातल्या दोऱ्यात ओवलेली ती कुलपाची किल्ली लेकीने मुठीत धरली होती, ती सोडवत राहिला.

तर मंडळी, तुम्हा-आम्हाला भीती वाटणारच. सुईची वाटते, रुग्णालयाची वाटते, आणि शेजारणीच्या गोष्टींची तर सगळ्यात जास्त वाटते. भीती वाटली तर विचारा, पण ज्याला ठाऊक आहे त्याला विचारा. नाव देण्याआधी विचारा, हो म्हणण्याआधी हवं तितकं विचारा, आणि मन घेत नसेल तर सरळ नाही म्हणा. त्यात कमीपणा नाही. पण एकदा हो म्हणालात की जागा सोडू नका. तुम्हाला न दिसणारं, तुमचं नावही न जाणणारं कुणीतरी खाली अंधारात थांबलेलं असतं, वर माणूस आहे असं समजून.